सराटे, खारं पाणी आणि रोडसायकल : वऱ्हाडात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घर ते शाळा एका बाजूने १४ किलोमीटर. चार वर्षं झाली, हे अंतर मी सायकलने करते आणि रविवारी ६०-७० किलोमीटरची एखादी चक्कर मारते. दर महिन्याला कोणी ना कोणी थांबवून विचारतं, "मॅडम, मले बी सायकल घ्याची हाय, कोनती घेऊ?" रस्त्यात उभ्याउभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं, म्हणून हे लिहिते आहे.

माझी पहिली सायकल मी शहरातल्या लोकांचे सल्ले ऐकून घेतली होती. हलकी, २३ मिलिमीटरच्या बारीक टायरची. पहिल्या महिन्यात ९ पंक्चर झाले, आणि दोनदा शाळेची घंटा माझ्याआधी झाली. सल्ला देणारे चुकले नव्हते, त्यांचे रस्ते वेगळे होते. आपल्याकडे पैसा लावायचा तो तीन गोष्टींवर: टायर, पाणी आणि उजेड. सायकल दोन किलोने हलकी असली काय नि नसली काय, खोलापूर रोडवर त्याने काही बिघडत नाही.

१. आधी रस्ता बघा, मग दुकानात जा

रोज कोणत्या रस्त्याने जाणार हे कागदावर लिहा. किती डांबरी, किती सिमेंटचा, किती मुरमाचा, पांदण आहे का.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला आपली माती काळी आणि भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही तिच्यासोबत वरखाली होतो. म्हणून नवा डांबरी रस्ता काही वर्षांतच लाटांसारखा होतो, कडा खचतात, आणि लांबीच्या दिशेने भेगा पडतात. आडव्या खड्ड्यात सायकल आपटते, पण या उभ्या भेगेत बारीक टायर अडकला की माणूस थेट रस्त्यावर येतो. सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीचंही तसंच.

महामार्ग वेगळा. मूर्तिजापूरला राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. याच महामार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. तिथे बारीक टायरची रोडबाइक चालवायला खरंच मजा येते. पण महामार्गापर्यंत पोचायचा रस्ता आपलाच असतो, हे लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गाचा विचार मात्र मनातून काढून टाका. तिथे दुचाकीलाही परवानगी नाही, मग सायकलचं काय.

माझं मत सरळ आहे. ३२ ते ४० मिलिमीटरचा टायर बसेल अशी सरळ हँडलची हायब्रिड किंवा वाकड्या हँडलची ग्रॅव्हल सायकल घ्या. माझी दुसरी सायकल हायब्रिड आहे, २२ हजारांना पडली आणि तीच अजून चालते आहे. रोडबाइकच हवी असेल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायर यांच्यात किती जागा आहे ते बोट घालून बघा. २८ च्या वर टायर जात नसेल तर सोडून द्या.

सगळ्यात मोठी फसगत इथे होते: "समोर शॉकअप आहे, खड्डे लागणार नाहीत." स्वस्त सायकलीचा शॉकअप म्हणजे जास्तीचं लोखंड. पायाचा जोर तो दाबण्यात वाया जातो आणि वर्षभरात त्याला गंज चढतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खड्ड्याचा धक्का त्याहून चांगला जिरतो.

ब्रेक केबलवर चालणारे डिस्क असलेले बरे. आपला चिखल रिमला चिकटला की रिमब्रेक लागत नाहीत. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक अधिक चांगले लागतात, पण त्यातली हवा काढायला माणूस अमरावतीला शोधावा लागतो. केबल तालुक्याच्या ठिकाणी कोणीही ओढून देतो.

२. माप घरीच घेऊन जा

दुकानदार उंची विचारतो. खरं माप पायाचं. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. माझं ७४ सेंटिमीटर आलं. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडलच्या धुरीच्या (दोन्ही पॅडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडतात ती धुरी) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, माझी ६५ च्या जवळपास. ०.६७ ने गुणलं तर रोडबाइकच्या फ्रेमचं ढोबळ माप मिळतं.

आपल्याकडे जवळजवळ सगळे सीट फार खाली ठेवतात, बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. त्यानेच गुडघे दुखतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय आठ दिवसांत होते.

३. दुकानातून निघण्याआधी

ही कागदपत्रं घ्या:

- शिक्क्याचं पक्कं बिल, त्यावर फ्रेम नंबर लिहिलेला. हा नंबर बहुतेक सायकलींना पॅडलच्या धुरीखाली कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, चोरीची तक्रार देताना हाच लागतो.
- दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड.
- पहिली मोफत सर्व्हिसिंग कधी आणि कुठे, ते लेखी.

ऑनलाइन मागवली तर सायकल अर्धवट जोडलेली येते. माझ्या शेजारच्या मुलाने अशीच मागवली आणि फोर्क उलटा बसवून महिनाभर चालवली. फोर्कची वाकलेली बाजू पुढे हवी आणि पुढचं चाक पॅडलपासून लांब दिसलं पाहिजे. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, ते जोर लावून नेहमीसारखं फिरवलं तर क्रँकचे (पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात. शंभर-दोनशे रुपये देऊन मेकॅनिककडून जोडून घ्या.

४. टायर, ट्यूब आणि सराटे

हा भाग दोनदा वाचा.

आपल्या रस्त्याच्या कडेला तीन शत्रू आहेत. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीचे काटे, वेडी बाभूळ, आणि सराटा. सराटा म्हणजे जमिनीवर पसरणारं, बारीक पिवळ्या फुलांचं झाड. त्याचं फळ वाळून फुटलं की तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर असतो. पावसाळा संपला की दिवाळीपासून पुढे हे रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात. म्हणून पहिला नियम: गाडीला बाजू द्यायला सायकल मातीत उतरवली, तर परत डांबरावर येताच थांबून दोन्ही टायरवरून हात फिरवा. काटा रुतल्यावर लगेच आत पोचत नाही, चाक फिरेल तसा आत जातो. तो आधीच दिसला तर ट्यूब वाचते.

दुसरी गोष्ट टायरची. आत काटेरोधक थर असलेला टायर घ्या, जड असला तरी घ्या. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. ती नाहीच मिळाली तर जुनी ट्यूब लांबीने कापून आत अंथरली तरी बारीक काटा थांबतो. ट्यूबमध्ये सीलंट भरायचं असेल तर व्हॉल्वची आतली सुई निघणारी ट्यूब घ्यावी लागते, आणि आपल्या उन्हात ते सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं हे धरून चला.

पंक्चर स्वतः काढायला शिका. बायांनी तर शिकाच, कारण चारचाकी-दुचाकीचं दुकान ज्या फाट्यावर असतं तिथे संध्याकाळी एकटं उभं राहणं सगळ्यांना जमत नाही. ट्यूब बदलून हवा भरायला मला पहिल्यांदा ४० मिनिटं लागली होती, आता १० लागतात. घरी टीव्हीसमोर बसून चार वेळा करून बघा.

यातली एक युक्ती आपल्याकडेच सोपी आहे. टायरच्या आत राहिलेला काटा बोटाने शोधू नका, बोट फाटतं. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे कापसाचे धागे अडकले तिथे काटा आहे. एक सापडला म्हणून थांबू नका, मला एकदा एकाच टायरमध्ये पाच सापडले. काटा न काढता नवी ट्यूब टाकली तर एक किलोमीटरवर तीही बसते.

पॅच लावताना ट्यूब घासा, सोल्युशन लावा आणि ते वाळेपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच आपल्या उन्हात सुटतो. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळून जाते, म्हणून पिशवीत न उघडलेली ठेवा.

आता व्हॉल्व. महागड्या सायकलींना प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व असतो, वर छोटी चकती फिरवून उघडायचा. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. पितळेचं एक बारीक नोजल मिळतं, २०-३० रुपयांचं. ते व्हॉल्वलाच लावून ठेवा. आणि ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने सायकलमध्ये हवा भरू देऊ नका. माझ्यासमोर अशीच एक ट्यूब फटाक्यासारखी फुटली आहे. हातपंप सोबत ठेवा.

हवा किती? ३२ चा टायर आणि ६० किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय पुरते. २८ ला ७० च्या आसपास. टायरवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा भरायचा नसतो. उन्हात हवा तापून दाब अजून वाढतो.

५. सीटखालची पिशवी

एक नवी ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या) दोन, पॅच आणि सोल्युशन, कापसाचा बोळा, ॲलन चाव्यांचा संच, हातपंप, दोन केबल टाय, जुन्या कपड्याची चिंधी. यात भर म्हणून एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी: नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे फोन नंबर. मागे आधारची झेरॉक्स. फोन लॉक असतो, चिठ्ठी कोणीही वाचू शकतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२.

६. कपडे

हेल्मेट घ्याच, यावर मी वाद घालत नाही. गद्दीची सायकलिंग शॉर्ट घ्या आणि ती आत दुसरं काही न घालता वापरा. आतली शिवण घासली की ६० किलोमीटरनंतर बसवत नाही. घट्ट शॉर्टवर गावातून जायला संकोच वाटत असेल तर वरून ढगळ पँट किंवा कुर्ता घाला. मी चार वर्षं तेच करते. ओढणी मात्र कमरेला गाठ मारून नाहीतर पिशवीत. मागच्या चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते. डोक्याला बांधायचा दुपट्टाही हेल्मेटखाली दोन्ही टोकं खोचून. संध्याकाळसाठी पांढऱ्या काचेचा चष्मा, कारण दिवाळीच्या सुमारास चिलटं डोळ्यात जातात.

७. पाणी आणि ऊन

बाहेरचे लोक सांगतात, "वाटेत पाणी मिळेलच." खारपाणपट्ट्यात हे धरून चालू नका. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. शेतातल्या बोअरला, हापशीला पाणी दिसतं, पण ते पिऊन तहान वाढते. गोडं पाणी नळाचं, आणि ते गावातच. त्यामुळे दोन बाटल्या, ७५० मिलिलिटरच्या, हा कमीत कमी हिशेब. मार्चनंतर तासाला जवळपास एक लिटर लागतं.

बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला करा. आपल्या कोरड्या वाऱ्यात आतलं पाणी तासभर माठातल्यासारखं राहतं. दर गावात मोजा परत ओला करायचा, त्याला खारं पाणी चालतं.

नुसतं पाणी ढोसू नका. घामात मीठ जातं. ओआरएसचं पाकीट, किंवा घरी १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला गूळ-फुटाणे, केळी. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात असतात, सोलून डब्यात टाकली की खिशातून एक एक फोड खाता येते. तर्री-पोहे आणि आलूबोंडा परत आल्यावर. मध्येच खाल्ले तर पुढचे २० किलोमीटर जड जातात.

मार्चपासून शाळा सकाळची होते, त्यामुळे जाताना प्रश्न नसतो. येताना असतो. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी साडेअकराला निघाले. आठव्या किलोमीटरला डोकं ठणकू लागलं, मग अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं आणि घाम थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय. ते ऊन लागण्याचं लक्षण होतं. निंबाच्या सावलीत पडले होते तेव्हा एका शेतकरी काकांनी मानेवर आणि काखेत ओला दुपट्टा ठेवला, ताक पाजलं आणि बंडीत सायकल टाकून घरी सोडलं. तेव्हापासून एप्रिल-मे मध्ये मी दुपारी सायकल शाळेतच ठेवते आणि एसटीने येते. पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत, विशेषतः नवतपात (मे अखेरच्या नऊ तापल्या दिवसांत), पहाटे पाचला निघून आठच्या आत घरात. घाम थांबला, थंडी वाजली, बोलणं अडखळू लागलं, तर सायकल टाका, सावली गाठा, अंग ओलं करा आणि १०८ ला फोन करा.

८. रस्त्यावर काय काय भेटतं

सोयाबीन. ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच माल वाळत घालतात. सोयाबीनचे दाणे टायरखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. त्यावर ब्रेक मारू नका, हँडल वळवू नका, पॅडल थांबवून सरळ जाऊ द्या. जमलं तर उतरून चालत जा, तो कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा माल आहे. कुटार (मळणीचा भुसा) त्याहून फसवं, खाली खड्डा दिसत नाही.

कापूस. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतला कापूस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. अशी गाडी आली की थांबून बाजू द्या. अंधारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि बंडीला मागे लाल दिवा असेलच असं नाही. म्हणून पुढचा दिवा दुसऱ्यांनी आपल्याला बघण्यापुरता नको, आपल्याला रस्ता दिसेल असा हवा, ३००-४०० ल्युमेनचा. मागचा लाल दिवा मी दिवसाही सुरू ठेवते.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रोही बहुतेकदा एकटा रस्ता ओलांडत नाही. एक गेला की मागचे दोन-तीन येतात, म्हणून पहिला गेल्यावर लगेच निघू नका. मेळघाट, बोर, टिपेश्वर, ताडोबा अशा जंगलांलगत राहत असाल तर दिवस उजाडण्याआधी आणि मावळतीनंतर सायकल नको. उंचावर बसलेल्या माणसापेक्षा वाकून सायकल चालवणारा माणूस जनावराला वेगळा दिसतो, असं वनमजूर सांगतात. मी त्यांचं ऐकते.

कुत्रे. जोरात पळवण्याचा मोह होतो, आणि त्यानेच ते मागे लागतात. वेग कमी करा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, मोठ्या आवाजात "हाड" म्हणा आणि चालत पुढे जा. दहापैकी नऊ वेळा तिथेच संपतं. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

रूळ. शकुंतला, आपली जुनी छोटी रेल्वे, आता धावत नाही, पण तिचे रूळ जिथे रस्ता तिरपा कापतात तिथे ते पावसात काचेसारखे होतात. नेहमी काटकोनात ओलांडा.

आणि पावसाळ्यात पांदण रस्त्याने शॉर्टकट नको. काळा चिखल ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरतच नाही. मग सायकल खांद्यावर.

९. चेन

आपली धूळ बारीक असते, घट्ट तेलाला चिकटून तिची पॉलिश पेस्ट होते. उन्हाळ्यात-हिवाळ्यात पातळ, कोरडं राहणारं चेन ऑइल वापरा, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि पाच मिनिटांनी चिंधीने पुसून काढा. गाडीचं इंजिन ऑइल नको. दर १५ दिवसांनी चिंधी थोड्या रॉकेलवर नाहीतर डिझेलवर भिजवून चेन पुसा.

चेन झिजली का हे शाळेच्या स्टीलच्या फूटपट्टीने कळतं. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंच आणि एक-सोळांश इंच भरल्या की चेन बदला. एक-अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर मागची कॅसेटही (दातेरी चाकांचा संच) बदलावी लागते, आणि ती चेनच्या कितीतरी पट महाग.

१०. लांब जायचं झालं तर

सुरुवात जवळून करा. लासूरचं काळ्या दगडातलं आनंदेश्वर मंदिर, किंवा अंजनगावकडून गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव. सकाळी निघून नाश्त्याला परत येता येतं. आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट करू नका.

मग चिखलदरा. परतवाड्यानंतर घाट लागतो आणि वर सुमारे ११०० मीटरवर पोचतो. मागे ३२ किंवा ३४ दातांचं चाक असेल तर बसूनच चढता येतं. चढाची भीती सगळ्यांना वाटते, धोका उतारात असतो. रिमब्रेक असेल आणि तो सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने मारून वेग कमी करा, वळणात सोडा. निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेकपॅड बघा.

यानंतर मनात आलं तर बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची सायकल राइड. नागपूर, अमरावतीहून या राइड निघतात, ऑडॅक्स इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी होते. पहिली २०० किलोमीटरची, वेळ साडेतेरा तास. थांबे धरून ताशी १५ चा वेग पडतो, म्हणजे ही शर्यत नाही. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट नसेल तर सुरूच करू देत नाहीत. माझ्या वर्गातल्या पोरांनी विचारलं होतं, सायकलने माणूस कुठवर जाऊ शकतो? मी त्यांना नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचं सांगितलं, २०१७ मध्ये ते एकट्याने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले. नकाशावर एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत बोट फिरवून दाखवलं.

पहिल्या २०० साठी डिसेंबर-जानेवारीतली तारीख निवडा. आदल्या रात्री दिवे चार्जिंगला लावा, बाटल्या भरा, दोन्ही टायरवरून कापूस फिरवा, आणि नवं काहीही, शॉर्ट असो की सीट, त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.